घर स्वस्त, खड्डा महाग: आसुका गावात जुनं घर बघताना

रविवार: सायकलवर

ओसाकाच्या आबेनोबाशी स्टेशनातून सुटणारी किंतेत्सु रेल्वेची जलद गाडी साधारण पाऊण तासात आसुकाला आणून सोडते. स्टेशनाबाहेर भाड्याच्या सायकलींची दुकानं आहेत. घर घ्यायच्या विचारानं आलेल्या माणसानं पहिला दिवस सायकलवरच काढावा. दलालाच्या गाडीत बसून फिरलं की घरं दिसतात, जमीन दिसत नाही. आणि या गावात व्यवहार अडतो तो जमिनीपाशी.

आसुका हे नारा प्रांतातलं जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं गाव. ५९२ पासून ६९४ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, जपानची राजसत्ता याच खोऱ्यात नांदत होती. स्टेशनापासून निघालं की भित्तिचित्रांची ताकामात्सुझुका समाधी लागते, मग घरांच्या कडेला पडलेली कासवाच्या तोंडाची कामेइशी शिळा, मग इशिबुताई. इशिबुताईच्या छतावरच्या मोठ्या दगडाचं वजन सुमारे ७७ टन. वरचा मातीचा ढिगारा केव्हाच नाहीसा झाला आणि आतली दगडी खोली उघड्यावर आली. सोगा नो उमाको या बलाढ्य मंत्र्याची ही समाधी असावी, असं मानतात. तिथून उत्तरेला इताबुकी राजवाड्याची जागा, जिथे ६४५ मध्ये त्याच घराण्यातल्या इरुकाला भर दरबारात मारलं. पुढे आसुकादेरा. कोरियातल्या बेकजे राज्याच्या कारागिरांच्या मदतीनं उभं राहिलेलं हे जपानमधलं पहिलं मोठं बौद्ध मंदिर. आतली बुद्धमूर्ती ६०९ सालची.

या सगळ्याच्या मधोमध भातखाचरं, काकी या जपानी फळाच्या बागा आणि माणसांची राहती घरं आहेत. राजवाड्याचं फरसबंद अंगण आणि कुणाचं तरी परसदार यांच्यात काही ठिकाणी एका पाटाचं अंतर आहे.

दिवस कलताना आमाकाशी टेकडीवर जायचं. उंची १४८ मीटर, चढ सोपा. वायव्येला काशिहारा शहराची दाट वस्ती थेट गावाच्या शिवेला येऊन भिडलेली दिसते. दक्षिणेकडे वळलं की काळपट कौलं आणि शेतं. १९७० मध्ये पंतप्रधान एइसाकु सातो इथे येऊन गेले, तेव्हा ओसाकाची उपनगरं इथवर सरकत होती. १९८० मध्ये या एका गावासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अख्खं गाव त्याच्याखाली आलं. टेकडीवरून जे दिसतं, ते टिकलंय या कायद्यामुळे. उद्या आपली खिडकी बदलायची म्हटली तरी आडवा येणार तोही हाच.

सायकलच्या पिशवीत पाच मीटरची टेप ठेवावी. ज्या गल्लीतलं घर बघायचंय तिथला रस्ता सगळ्यात अरुंद जागी मोजून ठेवायचा. मालवाहू ट्रक आत जाणार की नाही यावर दुरुस्तीचा निम्मा खर्च ठरतो. कौलं, माती, वासे सगळं छोट्या गाडीतून चार खेपा करून आणायचं झालं तर मजुरी कुठल्या कुठे जाते.

सोमवार: गावच्या कार्यालयात

जपानमध्ये सोमवारी सुट्ट्या बऱ्याच येतात. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार धरून आलात तर दिवस फुकट जाईल. कॅलेंडर बघूनच तिकीट काढावं.

कार्यालयात जाताना घराचा चिबान, म्हणजे भूखंडाचा नंबर, हातात हवा. टपालाचा पत्ता आणि चिबान जुळतीलच असं नाही. शिवाय जुन्या घराखाली एकाऐवजी तीन-चार भूखंड निघतात: घराची जागा, परसातली शेतीची पट्टी, मागचा डोंगरउतार. सगळ्यांचे नंबर लागतात. तीन ठिकाणी विचारायचं आणि याच क्रमानं विचारायचं.

पहिला प्रश्न: जमीन कोणत्या वर्गात? १९८० च्या कायद्यानं गावाचे दोन भाग केले आहेत. पहिल्या वर्गात राजवाड्याचा परिसर, इशिबुताई, ओकादेरा मंदिर, ताकामात्सुझुका यांच्याभोवतीची सुमारे १२५ हेक्टर जमीन. इथे आहे त्यात बदल जवळजवळ नाहीच. बाकी गाव दुसऱ्या वर्गात. तिथे बदल करता येतो, पण नजरेत भरेल असा नाही. नवं बांधकाम, वाढीव खोली, जमिनीचं सपाटीकरण, झाडतोड, भिंतीचा रंग, पाटी यातल्या कशालाही नाराच्या राज्यपालांची परवानगी लागते. दुसऱ्या वर्गातही छप्पर उतरतं आणि कौलारूच हवं. चकचकीत पत्रा किंवा निळं कौल चालत नाही. परवानगी नाकारल्यामुळे जमीन निरुपयोगी झाली, तर ती प्रांतानं विकत घ्यावी अशी मागणी करण्याची सोय कायद्यात आहे. मात्र त्या भरवशावर कुणी घर घेऊ नये.

दुसरा प्रश्न गावच्या शिक्षण मंडळाच्या सांस्कृतिक वारसा विभागात: जमीन पुरातत्त्वीय अवशेषांच्या नोंदलेल्या क्षेत्रात येते का? नकाशावर रंगीत सीमा आखलेल्या असतात. सीमेच्या आत असाल तर खोदकामाच्या ६० दिवस आधी सूचनापत्र द्यावं लागतं. ही तरतूद १९५० च्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्याच्या कलम ९३ मधली, म्हणजे देशभर लागू असलेली. सूचनापत्र गावामार्फत प्रांताकडे जातं आणि तिथून तीनपैकी एक उत्तर येतं: जपून काम करा; आमचा माणूस हजर असताना काम करा; किंवा आधी उत्खनन, मग बांधकाम. सीमेबाहेर असलात तरी सुटका नाही. कुदळीला काही लागलं तर तिथेच थांबून कळवायचं असतं, आणि अवशेष महत्त्वाचे ठरले तर तीन महिन्यांपर्यंत काम थांबवण्याचा आदेश निघू शकतो.

पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या १०० मीटरच्या बंदीत अडकलेले वाडे ज्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांना हे तसंच वाटेल. फरक असा की तिथे स्मारकापासूनचं अंतर मोजतात, इथे खोली मोजतात. जमिनीवर काय आहे याच्याइतकंच पोटात काय आहे याला महत्त्व. म्हणून या टेबलाशी एक जास्तीचा प्रश्न जरूर विचारावा: शेजारच्या भूखंडांवर पूर्वी उत्खनन झालंय का, आणि जुनी पातळी किती खोलीवर लागली? गावाकडे त्याचे अहवाल असतात. शेजारी ती ६० सेंटिमीटरवर लागली असेल, तर आपल्याकडे दोन मीटरवर लागेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आणि जमीन ‘शिसेकी’, म्हणजे खुद्द ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित असेल, तर तिथल्या तिथे विषय सोडावा. त्या जमिनी सरकार स्वतः हळूहळू विकत घेत असतं.

तिसरा प्रश्न नगररचनेचा. गावाचा मोठा भाग ‘शहरीकरण नियंत्रण क्षेत्रात’ आहे. ही रेषा १९७० साली आखली गेली. त्याआधीपासूनचं घर असेल तर काम सोपं. नंतरचं असेल तर ते ‘शेतकऱ्याचं घर’ म्हणून परवानगीशिवाय बांधलेलं असण्याची दाट शक्यता. तसं घर शेतकरी नसलेल्याला विकताना वापर बदलण्याची मंजुरी लागते. ती नसताना लोक घर घेतात, राहतात, आणि दहा वर्षांनी छप्पर बदलायला गेले की अडकतात. घर कोणत्या परवानगीवर उभं आहे हे तोंडी ऐकून भागत नाही, कागद दाखवा म्हणावं.

इथेच आकिया बँकेची, म्हणजे रिकाम्या घरांच्या सरकारी यादीची, चौकशी होते. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत, एकूण घरांच्या १३.८ टक्के. म्हणून लोकांना वाटतं की घर मागितलं की मिळतं. पण बहुतेक गावांच्या याद्या तिथे राहायला येणाऱ्यांसाठी असतात. नाव नोंदवताना काय करणार, कधी येणार, मुलं आहेत का, असं विचारतात. सुट्टीपुरतं घर हवं असेल तर खासगी दलालाकडे जाणं सरळ.

मंगळवार: काशिहाराला, उताऱ्यांसाठी

जमिनीच्या नोंदींचं कार्यालय शेजारच्या काशिहारा शहरात आहे. नोंदीचं प्रमाणपत्र खिडकीवर ६०० येनला मिळतं, कुणालाही. मालकाची परवानगी लागत नाही. सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला हे कागद परके वाटत नाहीत, दुखणीही ओळखीची: वारसनोंद नाही, हद्द जुळत नाही, कर्जाचा बोजा चढलेला.

मालकाच्या रकान्यात ५० वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव असणं इथे नेहमीचं. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली. वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद न केल्यास एक लाख येनपर्यंत दंड आहे. तरी जुन्या नोंदी अजून तुंबलेल्या आहेतच. विकणारी व्यक्ती एक, पण वारस अकरा, त्यातले दोन ब्राझीलला, असा प्रकार निघाला तर सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत वर्ष जातं. वारसनोंद पूर्ण झाल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

बोज्याच्या रकान्यात कधीकधी तैशो काळातलं, म्हणजे १९१२ ते १९२६ मधलं, तारण सापडतं. रक्कम शे-दोनशे येन, कर्ज देणारा केव्हाच गेलेला. घाबरायचं कारण नाही. ती रक्कम व्याजासकट सरकारी खात्यात जमा करून नोंद काढण्याची वाट कायद्यात आहे. काम ‘शिहो शोशी’चं, म्हणजे नोंदणीची कामं करणाऱ्या परवानाधारक व्यावसायिकाचं, आणि खर्च विकणाऱ्याचा. हे ठरवून घ्यावं.

आता नकाशा. मोजणी नव्यानं झालेली नसेल तर हातात येणारा ‘कोझु’ मूळचा १८७० च्या दशकातल्या जमीनमहसूल सुधारणेच्या वेळचा असतो. आकार साधारण बरोबर, मापं नाहीत. त्यावर दोन गोष्टी बारकाईनं शोधायच्या: नंबर नसलेली अरुंद पट्टी, म्हणजे जुनी पाणंद, आणि तशीच पाण्याच्या पाटाची पट्टी. रंगीत जुन्या नकाशात पाणंद लाल आणि पाट निळा असे. या पट्ट्या सरकारी, आणि २००५ पर्यंत त्या गावांकडे सोपवल्या गेल्या. प्रत्यक्षात पाणंदीवर केव्हाच कुणीतरी न्हाणीघर बांधलेलं असतं. ती पट्टी गावाकडून विकत घेता येते, पण शेजाऱ्यांची आणि पाण्याच्या वाटेकऱ्यांची संमती, मोजणी आणि मंजुरी यांत महिने जातात.

घराच्या नोंदीत माडीचा मजला किंवा ‘कुरा’, म्हणजे मातीची जाड भिंतींची कोठी, नसेल तर तीही नोंदवून घ्यावी लागते.

बुधवार: दलाल बंद

जपानमधले बरेच घरदलाल बुधवारी बंद असतात. तो दिवस आसुका शिर्योकान या वस्तुसंग्रहालयाला द्यावा. १९७५ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून बुधवारच सोयीचा. यामादादेरा या मंदिराची पूर्वेकडची ओवरी १९८२ मध्ये उत्खननात आडवी पडलेल्या अवस्थेत सापडली. खांब, गजांच्या खिडक्या आणि भिंती दाबल्या गेल्या होत्या, पण मोडून विखुरल्या नव्हत्या. ती इथे पुन्हा उभी केली आहे. जुन्या लाकडी घरात शिरायच्या आदल्या दिवशी सातव्या शतकातला खांब जवळून बघून घ्यायला हरकत नाही.

घर घेणाऱ्याला मात्र संग्रहालयापेक्षा उत्खननाचा उघडा चर जास्त शिकवतो. गावात कुठे ना कुठे काम चालू असतं. निळी ताडपत्री दिसली की कुंपणाबाहेरून बघावं. चराच्या उभ्या भिंतीत थर वाचता येतात: वर भातखाचराची काळी मऊ माती, तिच्याखाली पाणी झिरपू नये म्हणून दाबलेला पिवळट थर, मग मध्ययुगातली मिसळ माती, आणि त्याखाली आसुका काळातली घट्ट जमीन. लोकांना वाटतं सोनंनाणं निघेल. निघतो तो डाग. लाकडी खांब पुरण्यासाठी खणलेला खड्डा, मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन, आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित काळा. मध्ये खांब जिथे होता तिथे आणखी गडद गोल. असे डाग सारख्या अंतरावर रांगेत आले की तिथे इमारत होती. यातला एक डाग आपल्या न्हाणीघराखाली निघाला की वेळापत्रक संपलं.

निघालेल्या वस्तूवर घरमालकाचा हक्क नसतो. मूळ मालक सापडत नाही, त्यामुळे वस्तू प्रांताच्या मालकीची होते.

गुरुवार: घर

आता आतून बघायचं. इथलं जुनं खानदानी घर लांबूनच ओळखू येतं. मधलं छप्पर उंच, उभ्या उताराचं, मूळचं गवताचं. त्याच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चुन्याच्या भिंती, त्यांच्या डोक्यावर कौलांची ओळ. बाजूला स्वयंपाकघराचं बुटकं कौलारू छप्पर आणि त्यावर धूर जायला छोटी घुमटी. या पद्धतीला यामातो-मुने म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी गवतावर पत्रा चढवलेला दिसतो. पत्रा बघून नाक मुरडू नये. खालचं गवत कोरडं असेल तर पत्र्यानंच ते वाचवलेलं आहे. गवत पुन्हा शाकारायचं तर माहीतगार कारागीर दुर्मीळ आणि खर्च नव्या छोट्या घराइतका. शिवाय विमा कंपनी नाही म्हणण्याची शक्यता. पत्रा ठेवावा, रंग मंजूर करून घ्यावा.

बघायचा क्रम खालून वर. ‘दोमा’तून, म्हणजे मातीच्या जमिनीच्या ओटीतून, आत गेलं की तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरलेली गवताची जाड चटई, उचलायची. एक माणूस सहज उचलतो. खालच्या फळ्या काढून जमिनीखालच्या पोकळीत बॅटरी घेऊन उतरायचं. अंगात जुने कपडे, तोंडाला मास्क. खांब जोत्याला जखडलेले नसतात, नुसते दगडांवर टेकवलेले असतात. ते तसंच असायला हवं. बघायचं ते खांबाचं तळ: दगडावर टेकतो तिथलं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरनं टोचायचं. टोक बोटभर आत गेलं तर तळ कुजलेला. मातीच्या पेन्सिलएवढ्या नळ्या दगडावरून लाकडाकडे चढत असतील तर वाळवी. नळी मोडून बघायची, आत पांढरे किडे चालत असले तर ती चालू आहे. ओल मोजायचं यंत्र लाकडावर २० टक्क्यांच्या आत दाखवत असेल तर ठीक. २५ च्या पुढे गेलं तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय पुढे सरकू नये. बहुतेक वेळा कारण घराच्या मागे असतं. डोंगराकडचा पाट पानांनी बुजलेला असतो आणि पाणी घराखाली शिरतं. हे दुखणं स्वस्त, फावड्यानं जातं.

मग उतार. गोट्या घरंगळवून बघण्यात मजा आहे, माप नाही. लेझर पातळीयंत्र लावून तीन मीटरवरच्या दोन बिंदूंमधला फरक घ्यायचा. १००० ला ३ च्या आत चांगलं. १००० ला ६ किंवा जास्त असेल तर सांगाड्यात दोष असण्याची शक्यता मोठी, असं सरकारी मानक आहे. म्हणजे तीन मीटरवर १८ मिलिमीटर. शंभर वर्षांच्या घरात हा आकडा सहज ओलांडला जातो. खांब जॅकनं उचलून तळाला नवा तुकडा जोडता येतो, हे सुताराचं नेहमीचं काम आहे. पण सगळं घर एकाच बाजूला झुकलेलं असेल तर खालची भर खचतेय, आणि भर खचतेय म्हणजे पाया खोदणं आलं. म्हणजे पुन्हा सोमवारचं दुसरं टेबल.

भिंती बांबूच्या कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. खांब आणि भिंत यांच्यामध्ये फट दिसली तर ती माती सुकून आलेली. भिंतीत तिरकी चीर दिसली तर ती भूकंपाची. १९८१ च्या जूनआधीचं घर नव्या भूकंपमानकात बसत नाही हे गृहीतच धरायचं. तपासणीत १.० च्या वरचा गुण म्हणजे घर सहसा कोसळणार नाही. फक्त ही साधी तपासणी भिंतींची लांबी मोजते, आणि दगडावर टेकलेलं घर भूकंपात हलून झोके घेत ताण सोडतं. अशा घरासाठी वेगळी गणनापद्धत जाणणारा वास्तुविशारद शोधावा. नाहीतर कुणीतरी घराला काँक्रीटमध्ये जखडून ठेवतो आणि जास्तच नुकसान करतो.

माळ्यावर काजळीनं काळे झालेले वासे चांगले. कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसले तर वाईट. तातामी बदलायची असेल तर इथलं माप क्योतोकडचं, १९१ बाय ९५.५ सेंटिमीटर, तोकियोच्या मापाची मागवली तर फट राहते.

कोपऱ्यात पूर्वजांचा देव्हारा तसाच असतो, कपाटात गाद्या, कोठीत नांगर. हे सगळं कुणी उचलायचं हा पैशांचा प्रश्न आहे. देव्हारा तर भिक्षूला बोलावून विधी केल्याशिवाय हलवतच नाहीत, आणि तो मालकाच्या कुटुंबानंच करायचा असतो.

शुक्रवार: संडास

दिवसभर एकाच विषयाला देण्याइतका तो महत्त्वाचा आहे. जुन्या घरात खड्ड्याचा संडास असतो, गाडी येऊन उपसून नेते. फ्लश हवा तर सार्वजनिक मलवाहिनी दारापर्यंत आलेली हवी. आलेली असेल तर अर्धा मीटर ते मीटरभर खोल चर काढून जोडता येते. नसेल तर ‘जोकासो’, घरगुती शुद्धीकरण टाकी. पाच माणसांच्या टाकीला सुमारे अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा लागतो. घराच्या सगळ्या कामांत एवढं खोल दुसरं काहीच जात नाही. भिंती, छप्पर, तातामी बदलताना सातव्या शतकाला धक्का लागत नाही. टाकी बसवताना लागतो.

म्हणून टाकीची जागा आधी ठरवायची, मग आतला आराखडा. कुठे जमीन आधीच उकरली गेलीय ते बघावं. जुना मैलाखड्डा, बुजवलेली विहीर, अलीकडे टाकलेली भर, अशा जागी अवशेष उरलेले नसण्याची शक्यता मोठी. सूचनापत्राबरोबर टाकीचा आडवा-उभा छेद सेंटिमीटरमध्ये काढून जोडला तर उत्तर लवकर येतं. मोघम आराखडा दिला की खात्याला सगळ्यात खोल शक्यता धरून चालावं लागतं. खोल्यांचा पाया नव्यानं घालायचा असेल तर खोदण्याऐवजी वर भर घालून उथळ पाया करता येतो, आणि भर व जुना थर यांच्यामध्ये संरक्षक माती ठेवावी लागते. उंबरा उंच होतो, दोमाचा चढ वाढतो. सुताराला हे आधी सांगायला हवं.

खर्चाचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्वतः राहण्याच्या घरासाठी उत्खनन करावं लागलं तर ते सर्वसाधारणपणे सरकारी निधीतून होतं. पाहुण्यांसाठी भाड्यानं द्यायचं घर असेल तर तो व्यवसाय, आणि उत्खननाचं बिल मालकाचं. घरगुती पाहुणचाराला २०१८ च्या कायद्यानं वर्षाला १८० दिवसांचीच मुभा आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले की भाड्यातून घर फेडायचे बरेच बेत तिथेच गळतात. खात्याचे लोक मात्र भांडायला बसलेले नसतात. त्यांना लवकर सांगितलं तर तेच टाकी दोन मीटर सरकवायला सुचवतात.

आणखी दोन नियम. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचं मोठं काम, म्हणजे छप्पर किंवा खांब यांसारख्या मुख्य भागाचा निम्म्याहून जास्त हिस्सा बदलणं, बांधकाम मंजुरीशिवाय होत नाही. आणि दुरुस्तीचं कंत्राट दहा लाख येन किंवा जास्त असेल तर अॅस्बेस्टॉसची आधी तपासणी करून कळवावं लागतं. मागून जोडलेल्या न्हाणीघराच्या पत्र्यांत ते निघतं. बाह्यरूप गावाला साजेसं ठेवण्यासाठी मदत मिळते का, ते कंत्राटावर सही करायच्या आधी विचारावं. काम सुरू झाल्यावर अर्ज घेत नाहीत.

शनिवार: कागद

दलालाकडचा परवानाधारक माणूस करारापूर्वी ‘महत्त्वाच्या बाबींचं निवेदन’ वाचून दाखवतो. कायद्यानं बंधनकारक आहे. दोन तास लागतात. जपानी कायदेशीर भाषा येत नसेल तर दुभाषा आपला आणावा आणि मसुदा आठवडाभर आधी मागवावा. दरडीचा धोका दाखवणारा पिवळा किंवा लाल पट्टा याच कागदात असतो. लाल असेल तर इनाबुची वाडीच्या पायऱ्यांच्या शेताकडे बघणारं घर कितीही देखणं असो, पुढे जाऊ नये.

समजा किंमत ६० लाख येन. नेहमीच्या सूत्रानं दलाली करासह २ लाख ६४ हजार होते. पण २०२४ च्या जुलैपासून ८० लाखांपर्यंतच्या घरांना दलाल आधी सांगून ३ लाख ३० हजारांपर्यंत घेऊ शकतो. इसार ५ ते १० टक्के. नोंदणीचा कर घराच्या करमूल्याच्या २ टक्के. सहा महिन्यांनी प्रांताकडून घरखरेदी कराचं पत्र येतं, ३ टक्के. परदेशात राहणाऱ्याला हे पत्र मिळतच नाही आणि दंड चढतो, म्हणून जपानमध्ये करप्रतिनिधी नेमावाच लागतो.

करारात चार अटी घालून घ्याव्यात: वारसनोंद पूर्ण झाल्यावरच पैसे, सामान आणि देव्हारा विकणाऱ्यानं हलवायचा, शेतीच्या पट्टीची मंजुरी मिळाली नाही तर इसार परत, आणि उत्खननाचा आदेश येऊन काम ठरावीक महिन्यांपेक्षा जास्त लांबलं तर दोघंही मोकळे. शेवटच्या अटीला विकणारा कुरकुर करतो. ती नसेल तर किंमत तरी उतरवावी. जुन्या घरात दोष निघाल्यास जबाबदारी नाही, असं कलम बहुधा असतंच. गुरुवारी तातामी उचलली ती त्यासाठीच. शेतीच्या पट्टीसाठी शेती समितीची परवानगी लागते. किमान क्षेत्राची अट २०२३ च्या एप्रिलमध्ये गेली, पण जमीन स्वतः कसायची अट आहे. मुंबईत राहून ते जमत नाही. पट्टी विकणाऱ्याकडेच ठेवावी किंवा शेजाऱ्याला कसू द्यावी.

परदेशी माणसाला जपानमध्ये घर घ्यायला बंदी नाही, आणि घर घेतल्यानं व्हिसाही मिळत नाही. तोकियोत नोकरी करणाऱ्याचं काम रहिवासी दाखल्यावर होतं. भारतातून घेणाऱ्याला नोटरीसमोर केलेलं पत्त्याचं आणि सहीचं प्रतिज्ञापत्र लागतं. एप्रिल २०२४ पासून रोमन लिपीतलं नाव आणि जपानमधला संपर्क नोंदीत द्यावा लागतो. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात; १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रोख अडकते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद विसरू नये. अनिवासी व्यक्तीच्या खरेदीचा अहवाल २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत द्यायचा असतो. स्वतः राहण्याच्या घराबाबतचा ताजा नियम शिहो शोशीला विचारावा.

रविवार: वाडीत

आसुकात कारभार चालतो तो ‘ओआझा’चा, म्हणजे वाडीचा. सही करण्याआधी वाडीच्या प्रमुखाला भेटावं. दलालाला बरोबर यायला सांगावं, हातात साधा मिठाईचा डबा असावा. विचारायचं सरळ: वर्गणी किती, मंदिराची वेगळी का, पाटाचं पाणी कुणाच्या वाट्याला कधी, रानडुकरांसाठीचं विजेचं कुंपण कोण सांभाळतं. इनाबुची आणि कायामोरी या वाड्यांमध्ये जानेवारीत नदीवर गवताचा जाड दोर बांधतात, त्याला माणसं लागतात. वर्षातून दोनदा येणाऱ्या मालकाकडून सगळं होणार नाही हे त्यांनाही कळतं. न येण्याबद्दल काही वाड्यांत पैसे भरायची पद्धत आहे, ती आधी माहीत असलेली बरी.

पाट उपसायचं काम लावणीच्या आधी, बहुधा रविवारी सकाळी असतं. तारीख आजच लिहून घ्यावी. फावडं आपलं आपण आणायचं.